एका दिवसाच्या अंतराने जन्मलेले दोन सेंटर फील्डर

अँड्रू जोन्सचा जन्म २३ एप्रिल १९७७ चा आणि कार्लोस बेल्ट्रानचा २४ एप्रिल १९७७ चा. पहिला क्युरासाओ बेटावरचा, दुसरा प्वेर्तो रिकोचा. दोघांनीही उमेदीची वर्षे बेसबॉलच्या मैदानात सेंटर फील्ड, म्हणजे मागचा मधला भाग, सांभाळण्यात घालवली. निवृत्त झाले तेव्हा जोन्सच्या नावावर ४३४ होम रन, म्हणजे मैदानाबाहेर धाडलेले फटके, होते आणि बेल्ट्रानच्या नावावर ४३५. जन्मतारखेत एका दिवसाचे आणि होम रनच्या हिशेबात एका फटक्याचे अंतर असलेली ही जोडी २०२६ च्या जानेवारीत एकाच दिवशी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या दालनात, निवडून आली. बेल्ट्रानला ८४.२ टक्के मते मिळाली आणि जोन्सला ७८.४ टक्के. निवडून येण्यासाठी ७५ टक्के लागतात.

निकाल कळल्यावर मी माझी वही काढली. मला अर्थातच मत नाही. मत असते ते अमेरिकेतल्या बेसबॉल लेखक संघटनेत सलग दहा वर्षे काढलेल्या पत्रकारांना. परंतु दरवर्षी नोव्हेंबरमध्ये उमेदवारांची यादी आली की मी वहीचे एक पान करतो, नियमाप्रमाणे जास्तीत जास्त दहा नावे लिहितो आणि जानेवारीच्या अखेरीस खरा निकाल शेजारी मांडतो. २०१८ चे पान उघडले तेव्हा थोडी लाज वाटली. त्या पानावर चिपर जोन्स, व्लादिमिर गेरेरो, जिम थोमी, एडगर मार्टिनेझ, माइक मुसिना, बॅरी बाँड्स, रॉजर क्लेमेन्स, लॅरी वॉकर, स्कॉट रोलेन आणि कर्ट शिलिंग अशी दहा नावे आहेत. पानावर जोन्स आहे, पण तो चिपर; त्याच अटलांटा संघात वर्षानुवर्षे त्याच्याबरोबर खेळलेला अँड्रू नाही. यादीत येण्याचे त्याचे ते पहिलेच वर्ष होते आणि मी त्याला मत देण्याइतका विचारसुद्धा केला नव्हता. खऱ्या मतदारांपैकीही बहुतेकांनी केला नसावा, कारण ४२२ मतपत्रिकांपैकी फक्त ३१ वर त्याचे नाव होते, म्हणजे ७.३ टक्के. पाच टक्क्यांखाली जो उमेदवार येतो त्याचे नाव यादीतून कायमचे काढले जाते. आणखी दहा लेखकांनी माझ्यासारखाच विचार केला असता, तर २०२६ चा हा निकाल लागलाच नसता.

वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपल्यापासून फेब्रुवारीत सराव शिबिरे सुरू होईपर्यंत मैदानावर काहीही घडत नाही, आणि तरीही मला हा काळ हंगामाइतकाच प्रिय आहे. या काळात एकीकडे क्लब खेळाडूंशी करार करतात, आपापसात खेळाडूंची अदलाबदल करतात, आणि दुसरीकडे लेखक घरी बसून मतपत्रिका भरतात. दोन्हीकडे कच्चा माल तोच, म्हणजे माणसाच्या कारकिर्दीचे आकडे. क्लब त्या आकड्यांवरून पुढची वर्षे वाचू पाहतो, लेखक मागची. जोन्स आणि बेल्ट्रान या दोघांना या दोन्ही तराजूंत तोलले गेले आहे, आणि दोन्ही वेळी तोलणाऱ्यांचे कोठे काय चुकले हे त्यांच्याइतके स्पष्ट फार थोड्यांच्या बाबतीत दिसते.

आधी जोन्स मैदानात कसा उभा राहत असे ते सांगितले पाहिजे, कारण सगळा वाद तेथूनच सुरू होतो. बहुतेक सेंटर फील्डर थोडे मागे उभे राहतात, कारण डोक्यावरून गेलेला चेंडू महागात पडतो. जोन्स पुढे उभा राही, जवळजवळ सेकंड बेसच्या पाठीमागे, आणि त्यामुळे इनफिल्डच्या, म्हणजे बेसांभोवतालच्या आतल्या मैदानाच्या, मागे अलगद पडणारे चेंडू तो सहज उचले. चेंडू खोल मारला गेला तर बॅटचा आवाज होताक्षणी तो पाठ फिरवून धावू लागे, मधल्या काळात चेंडूकडे फारसे पाहतही नसे, आणि नेमक्या जागी पोहोचून मान वळवी. पाहणाऱ्याला झेल सोपाच वाटे, कारण सूर मारण्याची वेळच येत नसे. १९९८ ते २००७ अशी ओळीने दहा वर्षे त्याला क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळाला. १९९६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये तो १९ वर्षांचा होता, आणि यांकी स्टेडियममध्ये पहिल्याच सामन्यात, पहिल्या दोन्ही वेळा फलंदाजीला येऊन त्याने होम रन मारले. वर्ल्ड सिरीजमध्ये होम रन मारणारा त्याच्याहून लहान खेळाडू आजवर झालेला नाही. २००५ मध्ये त्याने ५१ होम रन मारले.

त्यानंतर २००७ साली त्याची फलंदाजीची सरासरी ०.२२२ वर घसरली, आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात तो फ्री एजन्ट, म्हणजे हव्या त्या क्लबशी करार करायला मोकळा, झाला. लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी त्याला २ वर्षांसाठी ३ कोटी ६२ लाख डॉलर दिले. वरकरणी हा शहाणपणाचा सौदा होता: वय अवघे तीस, एक हंगाम वाईट गेलेला, मुदत छोटी. प्रत्यक्षात २००८ मध्ये जोन्स ७५ सामन्यांत ०.१५८ च्या सरासरीने खेळला आणि त्याने तीन होम रन मारले. वजन वाढलेले, गुडघा दुखावलेला, प्रेक्षक हुर्यो करणारे. दुसरे वर्ष सुरू होण्याआधीच क्लबने उरलेले पैसे पुढे ढकलून त्याला मोकळे केले. मग टेक्सास, शिकागो, न्यूयॉर्क, आणि शेवटी जपान. मतदारांच्या डोळ्यांसमोर राहिला तो हा शेवटचा जोन्स. हॉलची मते देताना लोक कारकीर्द पाहतात असे आपण म्हणतो. माझा अनुभव असा, की लोक कारकिर्दीचा शेवट पाहतात आणि त्यावरून उरलेली कारकीर्द आठवतात.

बेल्ट्रानची गोष्ट बाजाराच्या दृष्टीने अगदी निराळी. २००४ च्या जूनमध्ये कॅन्सस सिटीने त्याला ह्यूस्टनला दिले, कारण हंगामाअखेर तो फ्री एजन्ट होणार होता आणि छोट्या क्लबला त्याची किंमत परवडणारी नव्हती. ह्यूस्टनसाठी त्याने त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, १२ सामन्यांत आठ होम रन मारले, आणि जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्सनी त्याच्याशी ७ वर्षांचा, ११ कोटी ९० लाख डॉलरचा करार केला. २००६ मध्ये त्याने ४१ होम रन मारून त्या पैशांचा मान राखला. तरी मेट्सच्या चाहत्यांना त्या वर्षातले काय आठवते हे विचारून पाहा. नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सातवा सामना, नववी इनिंग, दोन गडी बाद, तिन्ही बेसवर धावणारे, मेट्स दोन धावांनी मागे, आणि समोर सेंट लुईसचा नवखा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ॲडम वेनराइट. शेवटचा कर्व्हबॉल वरून खाली वळला, बेल्ट्रानची बॅट खांद्यावरून हलली नाही, आणि पंचांनी तिसरा स्ट्राइक देऊन त्याला बाद ठरवले. त्याच मालिकेत बेल्ट्रानने तीन होम रन मारले होते हे सांगायला गेले की ऐकणारा खिडकीबाहेर पाहू लागतो.

२०११ च्या जुलैमध्ये, कराराचे काही महिने उरले असताना, मेट्सनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोला दिले आणि बदल्यात झॅक व्हीलर नावाचा एक तरुण पिचर घेतला. सॅन फ्रान्सिस्कोकडून बेल्ट्रान ४४ सामने खेळला, चांगला खेळला, पण संघ प्लेऑफमध्ये गेला नाही आणि हंगाम संपताच तोही गेला. व्हीलर पुढे लीगमधला एक अव्वल पिचर झाला. गंमत अशी की त्याचा बहर फिलाडेल्फियाला उपभोगायला मिळाला, कारण २०१९ च्या डिसेंबरमध्ये तो मेट्सना सोडून तेथे ५ वर्षांच्या, ११ कोटी ८० लाखांच्या करारावर गेला. काही आठवड्यांच्या बेल्ट्रानसाठी कित्येक वर्षांचा व्हीलर, असा हा व्यवहार कागदावर दिसतो, आणि तरी त्या दिवशी तो मूर्खपणाचा नव्हता. सॅन फ्रान्सिस्को आदल्या वर्षीचा विजेता होता आणि त्याला फलंदाज हवा होता. ट्रेडचा, म्हणजे अशा अदलाबदलीचा, निवाडा दहा वर्षांनी करणे सोपे असते. ज्याला ट्रेड करायचा असतो त्याच्या हातात फक्त तो जुलै असतो.

आजचे व्यवहार पाहिले की हीच जोखीम किती वेगवेगळ्या तऱ्हांनी बांधली जाते याचे नवल वाटते. २०२४ च्या डिसेंबरमध्ये मेट्सनी वॉन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर देण्याचे कबूल केले, तेव्हा तो २६ वर्षांचा होता. म्हणजे क्लबने त्याची भर उमेदीची वर्षे विकत घेतली आणि उतरणीची वर्षे त्याच किमतीत पदरात घेतली. त्याच्या आदल्या वर्षी शोहेई ओतानीने डॉजर्सशी १० वर्षांचा ७० कोटींचा करार केला, पण त्यातले ६८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात द्यायचे आहेत आणि खेळण्याच्या वर्षांत त्याला दरसाल फक्त २० लाख मिळतात. यामुळे पगाराच्या मर्यादेवरील कर मोजताना त्याचा वार्षिक आकडा ७ कोटींऐवजी सुमारे ४ कोटी ६० लाख धरला जातो. यावर बरीच ओरड झाली. मला ती अर्धवट पटते: पैसे पुढे ढकलण्याची मुभा नियमांत सर्वांना आहे, आणि मेट्स तर २००१ नंतर एकही सामना न खेळलेल्या बॉबी बोनियाला २०३५ पर्यंत दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर देत राहणार आहेत. मात्र जो क्लब २०२४ आणि २०२५ अशी दोन्ही वर्षे वर्ल्ड सिरीज जिंकतो, त्यानेच २०२६ च्या जानेवारीत काइल टकरलाही ४ वर्षांसाठी २४ कोटी डॉलर देऊन घेतले, की इतर शहरांतल्या चाहत्यांनी हंगामाची वाट कशाला पाहायची हा प्रश्न रास्त ठरतो. खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यातला करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो, आणि टकरच्या या आकड्याचा उल्लेख मालकांच्या बाजूने त्या वाटाघाटींत वारंवार होईल यात मला शंका नाही. मागच्या खेपेला, २०२१ च्या डिसेंबरपासून, मालकांनी ९९ दिवस खेळाला टाळे लावले होते.

टकरचा करार मला जोन्सच्या २००७ च्या करारामुळे अधिक लक्षवेधी वाटतो. तिशीच्या उंबरठ्यावरचा आउटफील्डर, वर्षाला भरमसाट रक्कम, पण मुदत आखूड. क्लबांना आता पक्के ठाऊक आहे की आउटफील्डरचे पाय आधी जातात आणि मग सगळेच जाते. म्हणून ते दर वाढवून देतात आणि वर्षे कमी करतात. ही समज त्यांना ठेचा खाऊन आली. चूक झाली की क्लबचे पैसे जातात, व्यवस्थापकाची नोकरी जाते. मत देणाऱ्या लेखकाचे मात्र चुकीपायी काहीही जात नाही, आणि माझ्या मते मतदारांची नजर क्लबांच्या मागून दहा वर्षांनी येते याचे कारण हेच आहे.

जोन्सच्या टक्केवारीचा प्रवास पाहा: ७.३, मग २०२० मध्ये १९.४, २०२१ मध्ये ३३.९, २०२३ मध्ये ५८.१, २०२५ मध्ये ६६.२ आणि शेवटी ७८.४. या आठ वर्षांत त्याने एकही झेल घेतला नाही, एकही फटका मारला नाही. बदलले ते मतदार. दहा वर्षांहून अधिक काळ बेसबॉलचे वार्तांकन सोडलेल्यांचे मत काढून घेण्याचा नियम २०१५ मध्ये झाला आणि एका फटक्यात शंभरावर जुनी मते गेली. नव्या मतदारांनी क्षेत्ररक्षणातून वाचवलेल्या धावांचा हिशेब क्लबांकडून उचलला होता. आणि याद्या हळूहळू मोकळ्या झाल्या, त्यामुळे दहाव्या जागेसाठीची मारामारी थांबली. जोन्सच्या खात्यावर १,९३३ हिट, म्हणजे बेसवर पोहोचवणारे फटके, आहेत, आणि दोन हजारांच्या आतला फलंदाज म्हणजे नाहीच, ही अलिखित लक्ष्मणरेषा लेखकांनी इतकी वर्षे पाळली होती. स्कॉट रोलेन २०१८ मध्ये १०.२ टक्क्यांवर होता आणि २०२३ मध्ये आत गेला. बिली वॅग्नर २०२४ मध्ये पाच मतांनी हुकला आणि २०२५ मध्ये, दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, ८२.५ टक्क्यांनी आला. हे सगळे पाहून मी आता पहिल्या वर्षाच्या आकड्याला किंमत देणे सोडून दिले आहे.

मग ज्यांना दुसरे वर्षच मिळाले नाही त्यांचे काय? केनी लॉफ्टन २०१३ मध्ये यादीत आला. तोही सेंटर फील्डर. ६२२ बेस चोरलेले, चार गोल्ड ग्लोव्ह. दुर्दैव असे की त्याच वर्षी बाँड्स, क्लेमेन्स, सोसा, पियाझा, बिजिओ आणि शिलिंग हे सगळे पहिल्यांदा यादीत आले. लेखक उत्तेजकांच्या वादात इतके गुरफटले, की त्या वर्षी त्यांनी एकालाही निवडले नाही, आणि लॉफ्टनला ५६९ पैकी १८ मते मिळून तो ३.२ टक्क्यांवर कायमचा बाहेर पडला. तीन वर्षांनी जिम एडमंड्स, पुन्हा सेंटर फील्डर, आठ गोल्ड ग्लोव्ह आणि ३९३ होम रन, २.५ टक्क्यांवर गेला. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोनदा जिंकलेला योहान सांताना २०१८ मध्ये, माझ्या त्या लाजिरवाण्या पानाच्या वर्षी, २.४ टक्क्यांवर गेला. मीही त्याला लिहिले नव्हते. बेल्ट्रान, जोन्स, एडमंड्स आणि लॉफ्टन या चौघांना एका रांगेत उभे केले तर पहिला उरलेल्या तिघांपेक्षा थोडा उंच आहे हे मी मान्य करीन. परंतु दुसरा हॉलच्या भिंतीवर असावा आणि तिसऱ्या-चौथ्याची नीट चर्चासुद्धा होऊ नये, एवढे अंतर त्यांच्यात खचित नाही. पाच टक्क्यांचा नियम निदान पहिली तीन वर्षे लावू नये असे माझे मत आहे. दहा नावांची मर्यादा आणि पाच टक्क्यांची चाळण ही दोन साधी कलमे जेवढ्यांचा बळी घेतात, तेवढ्यांचा चारित्र्यावरचा गाजलेला वादसुद्धा घेत नाही.

तो वाद टाळता येणार नाही, कारण बेल्ट्रान त्यातूनच आला. २०१७ मध्ये, त्याच्या शेवटच्या हंगामात, ह्यूस्टनने कॅमेऱ्याने प्रतिस्पर्धी कॅचर आपल्या पिचरला करतो त्या खुणा टिपून, कचऱ्याच्या डब्यावर ठोके मारून आपल्या फलंदाजाला पुढचा चेंडू कोणता हे कळवले आणि वर्ल्ड सिरीज जिंकली. जानेवारी २०२० च्या चौकशी अहवालात खेळाडूंपैकी एकट्या बेल्ट्रानचे नाव होते. त्या वेळी तो मेट्सचा मॅनेजर म्हणून नेमला गेलेला होता. एकही सामना न चालवता त्याला ते पद सोडावे लागले. हॉलच्या नियमांत खेळातील कामगिरीबरोबरच सचोटी, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्य यांचाही उल्लेख आहे, आणि त्याच आधाराने पुष्कळांनी त्याला पहिल्या वर्षी मत नाकारले: २०२३ मध्ये ४६.५ टक्के. तीन वर्षांनी त्यांतल्या बऱ्याच जणांनी दिले. शिक्षा झाली, आता पुरे, असा हा न्याय. मला तो मान्य आहे, कारण त्याच प्रकरणात एक वर्ष निलंबित झालेला मॅनेजर ए. जे. हिंच पुढच्याच हंगामात डेट्रॉइटला कामावर रुजू झाला होता. जोन्सच्या बाबतीतही २०१२ मधील घरगुती हिंसाचाराच्या आरोपावरील अटकेचा मुद्दा काही मतदारांनी मांडला, आणि तो मुद्दा लेखकांनी फारसा उघडपणे चर्चिलाच नाही याबद्दल मला अजून खंत आहे. मी त्याचे नाव लिहितो ते हे ठाऊक असूनच लिहितो.

उत्तेजकांच्या वादात सापडलेल्या बाँड्सच्या वाट्याला मात्र हा न्याय आला नाही. ७६२ होम रन, सात वेळा सर्वोत्तम खेळाडू, आणि लेखकांच्या यादीतल्या दहाव्या वर्षी, २०२२ मध्ये, ६६ टक्के. नंतर प्रकरण हॉलच्या सोळा जणांच्या समितीकडे गेले. २०२५ च्या डिसेंबरमध्ये या समितीने जेफ केंटला १६ पैकी १४ मतांनी निवडले आणि बाँड्सला पाचहून कमी मते दिली. केंट आणि बाँड्स एकाच संघात होते आणि २००२ मध्ये डगआउटमध्ये कॅमेऱ्यांसमोर एकमेकांच्या अंगावर गेले होते. त्या झटापटीचा असा निकाल तेवीस वर्षांनी लागेल हे तेव्हा कोणाला वाटले असेल! माझी रेषा मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे: चाचणीत दोषी ठरून निलंबित झालेल्यांना मत नाही, म्हणजे मॅनी रामिरेझ नाही, आणि चाचणीविना पण पुराव्यांवर पूर्ण हंगाम निलंबित झालेला ॲलेक्स रॉड्रिगेझही नाही, पण शिक्षेचा नियमच नव्हता त्या काळाचे माप आज लावायचे नाही. त्या काळात खेळाचे आयुक्त असलेले बड सेलिग २०१७ मध्ये हॉलमध्ये गेले. दुकान चालवणारा मानाच्या भिंतीवर आणि गिऱ्हाईक तेवढे दाराबाहेर, हे मला मुळीच पटत नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या लहानशा गावात, हॉलच्या संग्रहात, बाँड्सने हँक आरनचा विक्रम मोडला तो ७५६ वा चेंडू आहे. तो ज्याने साडेसात लाख डॉलरहून अधिक देऊन विकत घेतला, त्याने त्याचे काय करायचे यावर लोकांची मते मागवली, आणि लोकांच्या कौलानुसार त्यावर तारांकन कापून तो हॉलला दिला. छापील पानात तळटीप सुचवतो तसला तारा, थेट कातड्यात. चेंडू आत आणि मारणारा बाहेर. त्या ताऱ्यात या वादाची दोन्ही अंगे इतकी नेमकी आली आहेत, की मी त्यावर आणखी काही लिहीत नाही.

मला लिहायचे आहे ते पाचव्या सेंटर फील्डरबद्दल. कर्ट फ्लड १९६३ पासून १९६९ पर्यंत ओळीने सात गोल्ड ग्लोव्ह जिंकलेला सेंट लुईसचा खेळाडू. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये क्लबने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकले. त्या काळी करारातील राखीव कलमामुळे खेळाडू आजन्म क्लबच्या मालकीचा असे. जा म्हटले की जायचे, नाहीतर खेळ सोडायचा. वर्षाला ९० हजार डॉलर मिळवणाऱ्या फ्लडने २४ डिसेंबर १९६९ रोजी आयुक्त बोवी कुन यांना पत्र लिहून कळवले, की आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही. १९७० चा संपूर्ण हंगाम तो घरी बसला, १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तेरा सामने खेळून संपला, आणि जून १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. पण भिंतीला भेग पडली होती. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरना मोकळे केले आणि फ्री एजन्सी जन्माला आली. आज सहा वर्षे सेवा झालेला खेळाडू हिवाळ्यात स्वतःची किंमत स्वतः मागतो: बेल्ट्रानचे ११ कोटी ९० लाख, जोन्सचे ३ कोटी ६२ लाख, सोटोचे ७६ कोटी ५० लाख, ही सारी त्या पत्राची पिलावळ.

फ्लड जानेवारी १९९७ मध्ये वारला. खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर यांना त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी हॉलने घेतले. फ्लडला अजून घेतलेले नाही. त्याचे १,८६१ हिट कमी पडतात असे सांगितले जाते, आणि नियमातही खेळाडूने आपल्या संघाला काय दिले एवढेच मोजायला सांगितले आहे, सगळ्या खेळाडूंना काय दिले ते नव्हे. जोन्सच्या निवडीनंतर हिटचा मुद्दा तरी कोणी मांडू नये.

१९८० पूर्वीच्या खेळाडूंसाठीची समिती २०२७ च्या डिसेंबरमध्ये बसणार आहे. यादीत आठ नावे असतात, सोळा सदस्य असतात, आणि प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन नावांवर खूण करता येते. जुगारासाठी १९८९ मध्ये हद्दपार झालेल्या पीट रोझचे नाव त्याच्या मृत्यूनंतर २०२५ मध्ये अपात्रांच्या यादीतून काढले गेले, त्यामुळे तोही याच बैठकीपुढे येऊ शकतो, आणि ४,२५६ हिटच्या त्या गदारोळात फ्लडचे नाव कोणाच्या ध्यानात राहील की नाही याची मला धास्ती आहे. वहीत २०२७ चे पान मी आधीच केले आहे. पहिल्या ओळीवर फ्लड लिहिले आहे. खालच्या दोन ओळी अजून रिकाम्या आहेत.